कलेक्टरचा आवाज

६ जुलै, रविवार

आमच्या इमारतीच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी नोंदवावी अशी घटना आज घडली. लिफ्ट बोलू लागली. सोसायटीने जुनी, मुकी, अडीच माणसांची लिफ्ट काढून नवी बसवली, आणि ही नवी दार उघडं राहिलं की एका बाईच्या आवाजात 'कृपया दरवाजा बंद करें' म्हणते. कोणी बंद करेपर्यंत म्हणत राहते. तिसऱ्या मजल्यावरचे लोक दारात पिशवी अडकवून पुन्हा घरात किल्ली शोधायला जातात, आणि बाई इकडे विनवण्या करत बसते. मी लेखी तक्रार केली. अनंत, म्हणजे माझा नवरा, लिफ्ट-समितीत आहे. त्याने तक्रार रीतसर स्वीकारली, पोच दिली, आणि आमटी वाढून घेताना निकाल सांगितला, "समितीने विचार केला. आवाज बंद होत नाही. कंपनीतूनच तसा येतो." नारायण पेठेत 'कृपया' म्हणायला शेवटी यंत्र आणावं लागलं, एवढं इतिहासाने लक्षात ठेवावं.

संध्याकाळी विश्वजीत आला. उंबरझाड मित्र मंडळाचा अध्यक्ष. वय चौतीस, दंड जिममधले, नोकरी आयटीत. गेली वीस वर्षं मी या मंडळाच्या जिवंत देखाव्यांची संहिता लिहिते. बारा मिनिटांचा खेळ असतो. आवाज आधी स्टुडिओत मुद्रित करायचे आणि मांडवात कलाकारांनी त्यावर नुसती तोंडं हलवायची. वर्तमानपत्रातल्या रविवारच्या सदरात मी लोकांची सालटी काढते, त्याचं प्रायश्चित्त म्हणून गणपतीचं हे काम फुकट.

"ताई, यंदा शेतसारा परत करायचाय. दोन हजार अकराचा. फर्स्ट प्राइज होतं आपल्याला. पण न्यू व्हर्जन. म्हणजे कर वाढवला म्हणून लोक चिडले, तिथून डायरेक्ट स्वातंत्र्य."

"बारा मिनिटांत?"

"अकरा. शेवटी आरती."

"आणि कलेक्टर कोण करणार? मन्सूरभाई नाहीत आता."

मन्सूरभाई तांबोळी फेब्रुवारीत गेले. जिना चढून आले, खुर्चीत बसले, संपलं. सव्वीस वर्षं या मंडळाचा प्रत्येक गोरा साहेब त्यांच्या आवाजात बोलला. रँड म्हणा, कलेक्टर म्हणा, न्यायाधीश म्हणा. रस्त्यावरची पोरं त्या आवाजाला घाबरून बापाच्या खांद्यावर चढायची.

विश्वजीत पुढे सरकून बसला. "तेच तर सरप्राइज आहे. स्टुडिओवाल्या आमोदकडे त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत. एआयने त्यांच्याच आवाजात नवीन डायलॉग. सेम टू सेम. लोकांना कळणारपण नाही."

"घरच्यांना कळेल."

"त्यांना तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील. नुसती एक सही." आणि त्याने संमतीचा छापील कागद माझ्या टीपॉयवर ठेवला. वर गणपतीचं चित्र, खाली फुली मारलेली सहीची जागा.

मी कागद ठेवून घेतला. नाही म्हणायला हवं होतं का? आत्ता लिहिताना वाटतंय. तेव्हा वाटलं नाही.

१० जुलै

संहिता पुढे सरकत नाही. माहिती भरपूर आहे, तोच त्रास.

सुरुवातीला सगळे अर्जच करतात. १८९६ साली दुष्काळ पडला तेव्हा आपल्या पुण्याहून माणसं गावोगाव गेली, हातात सरकारचाच दुष्काळी कायदा, मराठीत छापलेला. पीक बुडालं तर साऱ्याला सूट मिळते असं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, एवढंच ती म्हणाली. त्यांच्यावर खटले झाले. (सरकारला सरकारचाच कायदा वाचून दाखवणं हा गुन्हा. हे मी सुचवलं असतं तर संपादक म्हणाले असते, बाई, अतिशयोक्ती होतेय.) तीसेक वर्षांनी बार्डोलीत सारा वाढवला, तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली आणि म्हशींसकट आत बसले. लिलावात बोली लावायला गावचा माणूस उभा राहिला नाही. पुढे दोन वर्षांनी मीठ. आणि मिठानंतर कर कमी करा असं कोणी म्हणेना, लोक 'चालते व्हा' म्हणू लागले.

मधे कुठेतरी काहीतरी झालं. चार आणे कमी करा म्हणणारा माणूस सगळा देश मागू लागला. तो क्षण कोणता? मला तो एका वाक्यात हवाय, कारण मांडवासमोर उभ्या माणसाच्या हातात कणीस असतं आणि मागून रेटा असतो. मी लिहिते ते सगळं भाषण होतं. शेतकरी तोंड उघडतो आणि आतून वर्तमानपत्राचा अग्रलेख बाहेर पडतो.

कलेक्टर मात्र झरझर लिहून झाला. तो नेहमीच होतो.

१२ जुलै, शनिवार

बुधवार पेठेत, आमोदच्या स्टुडिओत. खाली वायरी, बल्ब आणि चायनीज स्पीकर यांची दुकानं, वर हा अंड्यांच्या खोक्यांनी मढवलेला कोंदट डबा. आमोदने हेडफोन दिला. "ऐका. कालच ट्रेन केलंय मॉडेल."

"सरकारचा हुकूम आहे. सारा तीस टक्के वाढला आहे. मुदत पंधरा दिवस."

ते होते. अगदी तेच. 'हुकूम'मधला तो घशातला ह, 'मुदत' म्हणताना किंचित चावलेला द. हे वाक्य मी बुधवारी लिहिलं. ते फेब्रुवारीत गेले.

"काय, अंगावर काटा ना?" आमोद खूश. "थांबा, गंमत दाखवतो." त्याने काहीतरी टाइप केलं.

"पूर्णिमाताई, चहा घेणार का?"

मी हेडफोन काढून जिन्यात आले. खालच्या दुकानात कोणीतरी गिऱ्हाइकाला सांगत होतं की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आमोद बिचारा मागून आला, "सॉरी ताई, मस्करी होती."

मी म्हटलं, "घेणार. साखर कमी." कोणाला म्हटलं कोण जाणे.

१५ जुलै

कान खराब झालेत. कुकरच्या शिट्टीनंतर जी शांतता असते तिच्यात मन्सूरभाई ऐकू येतात. काल बँकेतल्या टोकनच्या घोषणेत आले. अनंतला सांगितलं तर तो म्हणाला, "लिफ्टचा आवाज असेल." लिफ्टमध्ये बाई आहे, अनंत.

एक गोष्ट लिहून टाकते. २०११च्या त्या शेतसाऱ्याच्या वेळी मुद्रण सुरू व्हायच्या आधी मन्सूरभाई मला म्हणाले होते, "ताई, एकदा तरी मला शेतकरी करा की. सव्वीस जानेवारी असो नाहीतर गणपती, मी आपला कायम जुलूमच करतोय." तेव्हा शेतकऱ्याचा आवाज ठरला होता, नाट्यस्पर्धेतला एक बक्षीसपात्र तरुण. मी म्हटलं, "मन्सूरभाई, तुमच्या आवाजात जमीन नाही, सिंहासन आहे."

सगळे हसले. तेही हसले. वाक्य चांगलं होतं, म्हणून पुढच्या रविवारी सदरातही वापरलं, नाव न घेता. वाचकांचे फोन आले होते.

पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांना फारसं लागलं नसावं.

२० जुलै, रविवार

कागद घेऊन गंज पेठेत गेले. दुसरा मजला, दार उघडंच. मन्सूरभाईंची मुलगी अलिझा सत्तावीसची, विमा कंपनीत आहे. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आता घरात ती आणि मन्सूरभाईंची आई, खातूनबी. अलिझाने बसा म्हटलं आणि पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात मी सवयीने सगळं बघून घेतलं. एक लोखंडी कपाट, शिलाई मशीन, फ्रिज जुना, भिंतीवर मंडळाने दिलेली सात स्मृतिचिन्हं, सगळ्यांवर गणपती. पंखा चांगला आहे.

कागद पुढे केला. तिने वाचला. सावकाश, विमा कंपनीतली माणसं वाचतात तसा, मागची बाजूसुद्धा.

"हे आज आणलंत?"

"हो. म्हटलं प्रत्यक्षच यावं."

तिने मोबाइल समोर धरला. मंडळाच्या इन्स्टाग्रामवर बुधवारपासून टीझर आहे. काळ्या पडद्यावर अक्षरं आणि मन्सूरभाईंचा आवाज, "सारा तीस टक्के वाढला आहे." चार हजार लाइक्स. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

"ऑफिसमधल्या मुलीने दाखवलं, मॅडम. म्हणाली, तुझे अब्बा काय भारी बोलतात. मी डेस्कवर होते."

"अलिझा, मी विश्वजीतशी बोलते. मानधनाचंही त्याने..."

"किती देणार ते राहू दे. आवाज बनवलात, रस्त्यावर वाजवलात, आणि मग विचारायला आलात. विचारायचं ते आधी असतं."

आतल्या खोलीतून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "कोण गं बोललं ते आत्ता?"

"कोणी नाही दादी. मोबाइल."

"मन्सूरसारखं होतं. पण मन्सूर नव्हता. मधे दम घेत नाही तो माणूस." मग थोडं थांबून, "मेलेल्यालाच दम लागत नाही."

अलिझाने कागद घडी घालून परत दिला. घडी अगदी सरळ होती.

२२ जुलै

विश्वजीतला फोन. टीझर काढ म्हटलं.

"ताई, रीच बघा ना. काढला तर अल्गोरिदम मारतो. त्यांना सांगा, पाच नाही, अकरा हजार देऊ. मंडळाचा मान आहे."

"ती आकड्यावर भांडत नाहीये रे."

"मग कशावर?"

म्हटलं, "तत्त्वावर." तो म्हणाला, "बापरे." टीझर संध्याकाळी काढला मात्र. पोरगा वाईट नाही.

संहितेत आज कलेक्टर शेतकऱ्याला म्हणतो, बरं, तीस नाही, बावीस टक्के. शेतकरी काय म्हणतो ते सुचलं नाही. तिथे रिकामी ओळ सोडून उठले.

२६ जुलै, शनिवार

आमोदचा फोन. "ताई, याल का? एक फाइल सापडलीय. फोनवर नको."

२०११च्या मुद्रणाची मूळ फाइल, न कापलेली. आपण सगळे टाळ्या वाजवून निघालो तिथे ती संपते असं त्याला वाटायचं. तिच्यात पुढे सहा मिनिटं आहेत. तेव्हा आमोदचे वडील स्टुडिओ चालवायचे, तेही आता नाहीत. दोन मेलेली माणसं एका खोलीत, असं म्हणत त्याने हेडफोन दिला.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मन्सूरभाई खाकरतात. मग माझी संहिता, शेतकऱ्याची. पण कलेक्टरचं वाक्य आलं की गप्प बसतात, त्याला बोलायला जागा सोडतात, आणि मग उत्तर देतात. त्यांच्या नेहमीच्या आवाजातलं निम्मं काढून ठेवलंय. उरलंय ते थकलेलं, जरा बसलेलं, कोणाला ऐकू जावं अशी फार आशा नसलेलं. माझी अग्रलेखी वाक्यं ते जाता जाता तोडत जातात. 'परकीय सत्तेच्या जोखडाखाली' गाळलं. 'मायभूमी'च्या जागी 'रान' म्हणाले.

शेवटच्या पानावर मी शेतकऱ्याला चौदा ओळींचं भाषण दिलं होतं. ते त्यांनी वाचलंच नाही.

"साहेब," ते म्हणाले, "किती वाढवला ते नका सांगू. कमी करताय, तेही राहू द्या. ठरवताना मला विचारलं होतं का, तेवढं सांगा."

मग काही नाही. श्वास ऐकू येतो. आत, बाहेर. आमोदने पडद्यावर मोजलं, अकरा सेकंदं. उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास.

आणि मग एकदम त्यांचा घरगुती आवाज. "ताई गेल्या ना? मग ठीक आहे. थांबव."

आमोद म्हणाला, "परत लावू?" मी नको म्हटलं. मग लाव म्हटलं.

२८ जुलै

ती रिकामी ओळ भरली. म्हणजे त्यांची ओळ तिथे जशीच्या तशी उतरवली. गेले अठरा दिवस शोधत होते तो क्षण हाच. चौदा वर्षं एका डिस्कवर पडून होता. मी तेव्हा खाली रिक्षा बघत असणार.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा गंज पेठ. या वेळी कागद नेला नाही. अलिझाने दार उघडलं, बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. "त्या यंत्राचं काही नको. तुझ्या अब्बांचं खरं रेकॉर्डिंग सापडलंय. ते तुमचं आहे, म्हणून आणलंय. ऐका. नंतर वाटलं तर देखाव्यात घेऊ. नाही म्हणालीस तर हे इथेच ठेवून जाईन आणि दुसरा माणूस शोधू."

"मंडळाला माहितीये?"

"आमोदला आणि मला. तुम्हाला आधी."

तिने मला आतल्या खोलीत नेलं. खातूनबी पलंगावर ताठ बसल्या होत्या. डोळे पूर्ण गेलेत. वय ऐंशीच्या पुढे असावं, पण विचारायची छाती झाली नाही. मी मोबाइल उशीवर ठेवला आणि लावला.

अकरा सेकंदांच्या त्या जागेत खातूनबींचा श्वास आणि त्यांचा श्वास मला वेगळे काढता येईनात. 'ताई गेल्या ना'ला अलिझा उठून खिडकीशी गेली.

"हा मन्सूर," खातूनबी म्हणाल्या. "हा दमतो." मग मान माझ्याकडे वळवून, अगदी नेमकी, "तू ती लिहिणारी ना?"

"हो."

"अठरा वर्षं ऐकतेय तुला. माझे डोळे गेले तेव्हापासून दर रविवारी तो मला तुझं वाचून दाखवायचा. आधी तुझं, मग मयताचे फोटो. ते 'जमीन नाही, सिंहासन'सुद्धा वाचलं त्याने. मी हसले. मला काय माहीत कुणाला म्हटलंय. तो पण हसला. मग पुढचं वाचेना. मी म्हटलं, संपलं का रे? म्हणाला, नाही अम्मी, पान उलटतोय." त्या थांबल्या. "तुझं एकाच पानावर असतं. डोळे होते तेव्हा बघितलंय मी."

मी उशीवरचा मोबाइल उचलला.

अलिझा खिडकीपासूनच म्हणाली, "दादी, तू सांग. घेऊ दे का?"

"घेऊ दे. बोलायचंच होतं त्याला, बोलू दे. नाव लिहा पण. आणि कलेक्टर त्याला करू नका आता. पुष्कळ झालं."

"मग कलेक्टर कोणाला करू?" मी सहज, स्वतःशीच म्हणावं तसं विचारलं.

"तू कर की," खातूनबी म्हणाल्या. "तुला जमतं."

अलिझाला हसू आलं. पहिल्यांदा. ते तिने दाबलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

केला कलेक्टर. विश्वजीत आधी म्हणाला, "लेडीज कलेक्टर? त्या काळात?" मी म्हटलं, काचेमागून हुकूम देणाऱ्याला मिशा आहेत का हे कोणी बघत नाही. आमोदने आवाज थोडा खाली उतरवून दिला. फार उतरवावा लागला नाही.

काम सोपं असेल असं वाटलं होतं. कानात ते बोलायचे, थांबायचे, आणि त्या थांबण्यात मी माझं वाक्य टाकायचं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी सोडलेली जागा प्रत्येक वेळी माझ्या वाक्याएवढीच निघाली. तसूभर कमी नाही, जास्त नाही. पाचव्या वाक्याला मला वाटलं की ते वाट बघताहेत. काचेपलीकडे आमोद होता म्हणून बरं.

"सारा तीस टक्के वाढला आहे," मी म्हणते. ते उत्तर देतात.

"बरं, बावीस," मी म्हणते.

"साहेब, किती वाढवला ते नका सांगू."

आणि ती अकरा सेकंदं. संहितेत तिथे कलेक्टरला ओळ नाही. मी माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभी होते.

"इथे डेड एअर आहे," आमोद म्हणाला. "दोन सेकंद ठेवून कापू?"

"नाही."

"जजना वाटेल फॉल्ट आहे."

"वाटू दे."

२३ ऑगस्ट

शाळेच्या हॉलमध्ये तालीम. शेतकऱ्याचं काम बाबुराव करताहेत, खडकवासल्याच्या बाजूचे, गाव महापालिकेत गेलेलं, रान बरंचसं बिल्डरकडे. पण उभं राहणं अजून रानातलं. आवाजावर तोंड हलवताना ते पहिल्यांदा चुकले, मग डोळे मिटून दोनदा नुसतं ऐकलं.

नंतर माझ्याजवळ आले. "ताई, ह्यो बोलतोय कोण? मधीच थांबतोय बगा, आमचा आजा थांबायचा तसा. आमच्याच साइडचा हाय का?"

"गंज पेठेतले. मन्सूर तांबोळी. सव्वीस वर्षं आपले साहेब होते."

"त्यो साहेब?" बाबुराव बघतच राहिले. "काय सांगता. ह्या मान्साच्या आवाजात माती हाय की वो."

मी म्हटलं हो.

२९ ऑगस्ट

देखाव्याचा पहिला दिवस पार पडला. गर्दी मुंगीला वाट नाही अशी. फलकावर तिसऱ्या ओळीत 'शेतकऱ्याचा आवाज: मन्सूर तांबोळी'. विश्वजीतने स्वतः उभं राहून लावून घेतला. कलेक्टरच्या नावाची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली.

पहिल्या खेळाला अकरा सेकंदं सुरू झाली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, सिस्टीम गेली!" दुसऱ्या खेळाला एक गृहस्थ कोरडेपणाने म्हणाले, "विचारतंय कोण इथे," आणि आसपास हशा पिकला. पुणं जिवंत आहे. तिसऱ्या खेळाला कोणी काही बोललं नाही. बाबुराव कलेक्टरच्या खुर्चीकडे बघत उभे, चौकात तीनचारशे माणसं, आणि कर्ण्यांतून एका माणसाचा श्वास. शेजारच्या मंडळाचा ढोलही नेमका थांबला होता.

गर्दीत मला अलिझा दिसली असं वाटलं. ती असेलच असं नाही.

७ सप्टेंबर

विसर्जन झालं. बक्षीस तिसरं. परीक्षकांचा शेरा, 'विषय उत्तम, ध्वनियंत्रणेत त्रुटी.' विश्वजीत चिडला. मी चहा पाजला.

आवाज आता ऐकू येत नाही. थांबला त्याचं बरं वाटायला हवं. कुकर बंद केल्यावर मी जरा वेळ उभी राहते एवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी माळ्यावरून कात्रणांची फाइल काढली. अनंतने विचारलं कुठे चाललीस, म्हटलं बाहेर. त्याने पोच दिली.

अलिझा घरी नव्हती, खातूनबींनी आतूनच विचारलं कोण. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "फेब्रुवारीपासूनचे राहिलेत. तीस रविवार झाले. मोजले मी."

त्यांनी पलंगावर सरकून जागा केली.

मी २३ फेब्रुवारीचं सदर काढलं. रस्ते खोदण्यावरचं होतं, लोकांना फार आवडलेलं. चांगलं वाचत होते. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला.

"घाई करतेस. तुला हशा हवा असतो. त्याला नको असायचा."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. स्वल्पविराम आला की थांबले, पूर्णविराम आला की श्वास घेतला. तसं वाचल्यावर दोन विनोद पडले, आणि एक वाक्य, जे मी जागा भरायला लिहिलं होतं, ते उभं राहिलं. खातूनबी कुठेही हसल्या नाहीत. संपल्यावर नुसतं म्हणाल्या, "हं. पुढचं."

आज तीन वाचून झाले. सत्तावीस राहिले.